आवाज येऊ दे

"भाऊ, मोटर लावा! चर्चमधून सुटल्या गाड्या!"

कुंपणापलीकडून ॲंजेलाची हाक आली तेव्हा नरहरी राऊत केळीची वाळलेली पानं काढत होता. हातातला कोयता त्याने तिथेच बुंध्याशी टाकला आणि तो पंपाच्या खोलीकडे निघाला. धावला नाही. धावलं की लोकांचं लक्ष जातं, असं त्याची बायको मंदा म्हणायची. चालत गेला, दार लोटून घेतलं आणि स्टार्टर दाबला.

मोटर आधी खोकली, मग किंचाळली आणि मग तिचा नेहमीचा खडखडाट सुरू झाला. बावखलातलं, वाडीतल्या त्या तळ्यातलं, पाणी पाइपातून उसळून पाटात पडू लागलं. सकाळीच पोटभर पाणी प्यालेल्या केळी पुन्हा पाण्यात उभ्या राहिल्या.

नरहरी स्टुलावर बसला. समोर मंदाचं बुटकं स्टूल होतं, त्यावर तो बसत नसे. दाराच्या चौकटीत तिची गजऱ्याची सुई खोचलेली होती, दोरा ओवलेला तसाच. बाहेरच्या रस्त्याने नंदाखालच्या लग्नाच्या गाड्या हॉर्न वाजवत गेल्या असतील. त्याला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ॲंजेलाने दारावर थाप मारली, तेव्हा त्याने मोटर बंद केली.

"गेल्या सगळ्या," ती म्हणाली. "शेवटी कोणीतरी मोटरसायकलवाला होता मेला, त्यालाच जास्त चेव. कसे आहात?"

"ठीक आहे."

"तुमचं काय, नेहमीच ठीक," असं म्हणून ती गेली.

वटार गावात राऊतांच्या केळीला अवेळी पाणी का लागतं, हे कोणी विचारत नाही. पूर्वी विचारत असत. कॉन्रॅड मेस्त्री मोटर बघायला आला होता तेव्हा त्याने कान लावून सांगितलं होतं, "वहिनी, बेअरिंग गेलंय. बदलून देतो. मग चालू आहे की बंद, तेसुद्धा कळणार नाही."

"नको," मंदा म्हणाली होती. "आवाज येऊ दे."

कॉन्रॅडला वाटलं बाई चिक्कू आहे. मग तिने त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे. त्यानंतर तो दर उन्हाळ्यात यायचा, मोटर जळणार नाही एवढं तेलपाणी करायचा आणि आवाज तसाच ठेवून जायचा.

ही सगळी व्यवस्था मंदाची होती. आजूबाजूला कुठे लग्न, कुठे सण, कुठे वरात, हे तिला आधीच माहीत असायचं. वेळ झाली की ती नरहरीला हाक मारायची, "अहो, केळीला पाणी." दोघं पंपाच्या खोलीत जाऊन बसायची. ती मांडीत मोगऱ्याची टोपली घ्यायची आणि गजरे करत राहायची. त्या खडखडाटात बोलता यायचं नाही, म्हणून बोलायची नाही. वीज नसली तर घमेलं उपडं घालून त्यावर पळी बडवायची आणि वर विचारायची, "जमतंय का मला बँडमध्ये?" मागच्या पावसाळ्याआधी ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. तेराव्यानंतर पहिलं लग्न आलं तेव्हा कुंपणापलीकडून ॲंजेलाने हाक मारली. मंदाने तिला सांगून ठेवलं होतं की ती आपणहून करत होती, ते नरहरीने कधी विचारलं नाही.

तो सैन्यात ड्रायव्हर होता. डोंगरातल्या रस्त्याने रसद वर न्यायची आणि रिकामी गाडी खाली आणायची, हे त्याचं काम. लढाईच्या त्या उन्हाळ्यात रात्री दिवे मालवून ताफा चालायचा. पुढच्या ट्रकवर बलबीर नावाचा हरियाणाचा ड्रायव्हर होता. दोघांचा स्टोव्ह एक, चहा एक. एका वळणावर तोफगोळा पडला. बलबीरचा ट्रक डोंगराला जाऊन टेकला आणि तो स्टिअरिंगवर पडला, छातीने हॉर्न दाबून. मारा चालू होता. कोणी खाली उतरायचं नाही असा हुकूम आला. नरहरी मागच्या ट्रकमध्ये स्टिअरिंग धरून बसला होता. बॅटरी उतरेपर्यंत हॉर्न वाजत होता. आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि उजाडायला लागल्यावर थांबला.

त्यानंतर त्याला पुन्हा गाडीवर पाठवलं. मागून कोणी हॉर्न दिला की तो गाडी उभी करून खाली शिरायचा, चाकांच्या मध्ये. मग इस्पितळ झालं, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांचं बोर्ड बसलं आणि त्याला घरी पाठवलं. त्या बोर्डाने लिहिलं होतं की आजार मुळात प्रकृतीतलाच आहे, नोकरीशी त्याचा संबंध नाही.

पेन्शन मिळणार नाही याचं मंदाला फार वाटलं नाही. वाडी होती, फुलं होती. तिला ते एक वाक्य लागलं. "प्रकृतीतलाच म्हणजे काय? जन्मापासून? मी लग्न केलं तेव्हा असे होता तुम्ही? मी डोळे मिटून माळ घातली काय?" ती चुलीपुढे बसून एकटीच भांडायची. मुलगी लहान होती. बापाचं वेड रक्तातलं आहे असं सरकारच लिहून देतं, तर पुढे पोरीला कोण विचारणार, हीसुद्धा भीती होती. म्हणून तिने नरहरीला कधी वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं नाही. मोटर होती, तेवढ्यावर भागवलं. कितीतरी वर्षांनी ते वाक्य खोडून घ्यायला अर्ज करायचं ठरलं, तेव्हा वकिलाने विचारलं, "मधल्या काळातले उपचाराचे कागद?" कागद नव्हतेच. तिने जे केलं त्याची पावती कोण देणार होतं?

तरीही ती थांबली नाही. अपील केलं, ते फेटाळलं गेलं. मग ट्रिब्युनल. तारखा पडत गेल्या. शेवटी ट्रिब्युनलने नव्याने बोर्ड घ्यायला सांगितलं, आणि त्या बोर्डाची तारीख आली तेव्हा मंदा नव्हती.

तारीख घेऊन सॅन्टन आला. सॅन्टन हा ॲंजेलाचा नवरा, नौदलातून सुटलेला आचारी. गावातल्या माजी सैनिकांची सगळी लिखापढी तोच करतो आणि बोलतो त्याहून जास्त.

"पुढच्या मंगळवारी," तो ओटीवर टेकत म्हणाला. "मुंबईला, लष्कराच्या इस्पितळात. आणि आधीच सांगतो, दाढी करून जाऊ नकोस. तू इस्त्री मारून, बूट चमकवून गेलास ना, तर ते तुला परत भरती करून घेतील."

"बोर्डापुढे दाढी न करता कसं जायचं?"

"बघ, हेच. ॲंजे, बघ गं हा काय बोलतो! बरं, उभा राहा. मी कर्नल. क्यों राऊत, कैसे हो?"

नरहरी उभा राहिला. टाचा आपोआप जुळल्या. "ठीक हूँ साब."

सॅन्टनने कपाळावर हात मारला. "अरे, तू ठीक नाहीस म्हणून तर चाललायस ना!"

नरहरी खाली बसला. ही तालीम त्याची आधीही झाली होती. मंदा डोक्यावर त्याची जुनी टोपी घालायची, हातात लाटणं घ्यायची आणि खुर्चीत बसून विचारायची, "कसं काय राऊत?" तो म्हणायचा, "ठीक हूँ साब." ती लाटणं आपटायची. "नापास! परत." पुन्हा तेच. सैन्यात साहेबाने विचारलं की दुसरं उत्तर नसतं. ताप असो, पाय सुजलेला असो, घरून वाईट तार आलेली असो, ठीक हूँ साब. शेवटी मंदा टोपी काढून ठेवायची. "जाऊ दे. तुमच्याच्याने व्हायचं नाही. तुम्ही गप्प उभे राहा. मी सांगेन त्यांना सगळं."

"बरोबर कोणी घरचं पाहिजे," सॅन्टन म्हणाला. "मी येतोच, पण मी परका. घरच्या माणसाचं ऐकतात. अक्षयाला विचार."

अक्षया, त्याची मुलगी, बोळिंजला राहते. इमारतीत, सहाव्या मजल्यावर. नरहरीने तिला फोन केला.

"बाबा, आता कशाला हे?" ती म्हणाली. "आई होती तोवर ठीक होतं. मी तिथे येऊन काय सांगू? आणि ते कागदावर येणार. धवलच्या घरी यातलं काही माहीत नाही. त्याच्या आईला कळलं तर... ओवीला उद्या कोणी काही बोललं तर?"

धवल तिचा नवरा, ओवी तिची मुलगी.

"बरं," नरहरी म्हणाला.

"रागावलात का?"

"नाही गं. ठीक आहे."

मंगळवारी त्याने दाढी केली. पांढरा शर्ट घातला, बुटांना पॉलिश केलं. सॅन्टनने त्याच्याकडे पाहिलं आणि फाइल त्याच्या हातात दिली. गावातली फुलं दादरला नेणारा ऑस्टिनचा टेम्पो पहाटेच निघतो, त्यातून जायचं ठरलं होतं. टोपल्या मागे आणि हे दोघं पुढे. निघताना ॲंजेला खिडकीपाशी आली.

"ऑस्टिन, लक्षात आहे ना? दादरपर्यंत हॉर्नला हात लावायचा नाही."

"आंटी, हायवे आहे तो!"

"असू दे. तोंडाने ओरड."

आणि ऑस्टिन खरोखर तोंडाने ओरडत गेला. खिडकीतून मान काढून, "ओ बाजू! ओ रिक्षा! ए भावा, झोपला का!" सॅन्टनला हसू आवरेना. नरहरी कानात कापूस घालून, मांडीवरची फाइल धरून बसला होता. दुसऱ्यांचे हॉर्न येतच होते. घोडबंदरच्या पुलावर एका ट्रकने मागून लांबलचक दिला, तेव्हा त्याचे गुडघे समोरच्या पत्र्याला टेकले आणि शर्टाची पाठ भिजली. सॅन्टनने हसणं थांबवलं आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. दादर येईपर्यंत तो हात तिथेच होता.

इस्पितळाच्या फाटकाशी अक्षया उभी होती. सोबत धवल होता.

"काल रात्री सांगितलं मी ह्याला," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "हा हसला."

"हसलो नाही गं," धवल म्हणाला. "बाबा, मी फक्त एवढं म्हटलं की मला माहीत होतं. आईंनी लग्न ठरायच्या आधीच माझ्या आईला घरी येऊन सांगितलं होतं. सगळं. म्हणाल्या, फसवून मुलगी द्यायची नाही मला. तुम्हाला चालत असेल तर बघा, आणि चालत असेल तर वरात हॉर्न न वाजवता आणा."

त्या वरातीची आठवण सगळ्यांनाच होती. ना बार, ना हॉर्न. गाड्या गुपचूप आल्या आणि मांडवापाशी उभ्या राहिल्या. सॅन्टन तेव्हा मोठ्याने म्हणाला होता, वऱ्हाड आलंय की मयतीला आलेत? अक्षयाला वाटलं होतं, सासरची माणसं हात आखडून आहेत. मनात कितीतरी दिवस तिने तो सल ठेवला होता.

"मला सांगितलं नाही आईने," ती म्हणाली.

नरहरीलाही सांगितलं नव्हतं. मंदाने माणसांना सांगितलं होतं, कागदाला नाही. तो आत गेला.

बोर्डात तिघं होते. मध्ये पिकल्या केसांची एक बाई, कर्नल. "बैठिए, राऊत जी."

तो बसला नाही.

"कैसे हैं?"

"ठीक हूँ मॅडम."

शब्द तोंडातून गेला आणि कुठूनतरी लाटणं आपटल्यासारखं त्याला वाटलं. पण आता गाडी उताराला लागली होती.

"नींद आती है?"

"आती है मॅडम."

"डर, घबराहट?"

"नहीं मॅडम."

बाजूचा अधिकारी लिहीत होता. बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या. सकाळपासून अशी कितीतरी माणसं बघून थकल्या असाव्यात. "तो फिर आए क्यों हैं?"

या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नव्हतं. नरहरी गोंधळला. "मेरी मिसेस की इच्छा थी, मॅडम."

"वो बाहर हैं? बुलाइए."

"नहीं मॅडम. वो गुजर गई."

मग बाईंनी विचारलं की आता घरी कोण असतं, दिवस कसा जातो. कसे आहात असं विचारलं की तो अडायचा, पण दिवसाचा रिपोर्ट द्यायला तो शिकलेला होता. त्याने रिपोर्ट दिला. सकाळी केळीला पाणी. मग मोगरा तोडणं. मग शेजारीण सांगते तेव्हा मोटर.

"शेजारीण काय सांगते?" बाईंनी हिंदीतच विचारलं.

"बारात कब आएगी, मॅडम. गाड़ियों का हॉर्न बजता है. तब मोटर चालू करके अंदर बैठता हूँ. मोटर का बेअरिंग खराब है."

"तो ठीक क्यों नहीं करवाते?"

"आवाज चाहिए, मॅडम. मिसेस ने ठीक करने नहीं दिया."

लिहिणाऱ्याचा हात थांबला. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं, बुटांपासून वरपर्यंत. मग त्यांनी जुनी फाइल उलटीपालटी केली आणि विचारलं, "इस घटना से पहले आप कैसे आदमी थे?"

नरहरी विचार करत राहिला. तो खरंच आठवत होता. पण आपण कसे होतो हे आपल्याला कुठे दिसतं? ते बघणारी एकच होती. "मालूम नहीं मॅडम," तो म्हणाला. "उसको मालूम था."

त्यांनी अक्षयाला आत बोलावलं. ती बापाच्या बाजूला येऊन उभी राहिली, पर्स छातीशी धरून. आधी हिंदीत सुरुवात केली, मग अडखळली. लिहिणारा अधिकारी म्हणाला, "मराठीत बोला, मी कोल्हापूरचा आहे. मॅडमना सांगतो."

"मी लहान होते तेव्हा," अक्षया म्हणाली, "बाबा रजेवर आले की फुलांचा टेम्पो चालवायचे. गावातल्या सोसायटीचा. मला मांडीवर घ्यायचे. प्रत्येक घरासमोर हॉर्न वाजवायचा, मग बायका टोपल्या घेऊन बाहेर यायच्या. हॉर्न मी दाबायचे. बाबा म्हणायचे, अजून जोरात, ॲंजेलाची सासू बहिरी आहे. ती म्हातारी काठी घेऊन बाहेर यायची, शिव्या देत. बाबा एवढे हसायचे की टेम्पो हलायचा. मला वाटायचं, हॉर्न म्हणजे बाबा आले. मग एकदा बाबा कायमचे घरी आले. मी दुकानातून खेळण्यातला हॉर्न आणून वाजवला, तर ते माळ्यावर जाऊन लपले. आईने तो हॉर्न चुलीत घातला. मला मारलं. पुन्हा कधी मारलं नाही तिने, तेवढंच."

अधिकाऱ्याने बाईंना हिंदीत सांगितलं. सांगताना त्याने काही गाळलं नाही.

नरहरी सावधान उभा होता. टेम्पोचं तो विसरला होता. खेळण्यातला हॉर्न त्याला आठवत नव्हता. पोरीला मार बसल्याचं त्याला कधी कळलंच नव्हतं.

"बैठ जाइए, राऊत जी," बाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी तो बसला.

निकाल यायला पावसाळा जाऊन थंडी लागली. लिफाफा सॅन्टनने फोडला, वाडीच्या दारातच, आणि मोठ्याने वाचला. इंग्रजी तोंडभर वाचून झाल्यावर म्हणाला, "मान्य! आजार नोकरीमुळे झालाय. स्पष्ट लिहिलंय. प्रकृतीतला नाही, नोकरीमुळे." त्याने नरहरीला मिठी मारली. "दुसरा कोणी असता तर आज बार उडवले असते, पण तुझ्यापुढे कसले उडवतोस! ॲंजेला, चहा तरी टाक!"

चहा झाला. अक्षयाला फोन झाला, ती रडली, धवल बोलला, ओवी काहीतरी कविता म्हणाली. सगळं आटोपल्यावर नरहरी कागद घेऊन वाडीत गेला. दुपार कलली होती. त्या दिवशी कुठे लग्न नव्हतं, कुठला सण नव्हता. तो पंपाच्या खोलीत गेला, दार ओढलं आणि मोटर लावली.

खडखडाट सुरू झाला. मंदाच्या स्टुलावर त्याने तो कागद ठेवला. उडू नये म्हणून वर पान्हा ठेवला. मग समोर बसला. बोलला असता तरी या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसतं, पण तो बोलला नाही. इथे बोलायची पद्धतच नव्हती.

दार ढकलून ॲंजेला आत आली. धावत आली होती, हात पिठाने भरलेले होते.

"काय झालं? आज तर कुठेच काही नाही! मोटर का लावली?"

तिने स्टुलावरचा कागद पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं. आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, "भाऊ, कसे आहात?"

नरहरी सवयीने उठून उभा राहिला. टाचा जुळत आल्या होत्या. मग त्याने एक हात भिंतीला टेकला.

"ठीक नाही," तो म्हणाला. मोटरच्या आवाजात नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून त्याने पुन्हा सांगितलं. "ठीक नाही, ॲंजेला."

ॲंजेलाने मान हलवली. तिने मोटर बंद केली नाही. बाहेर गेली, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि पाटाचा बांध फोडला. केळीच्या वाफ्यांत तुडुंब साचलेलं पाणी वळलं आणि कुंपणाखालून तिच्या वाडीकडे निघालं.

"चालू राहू दे," ती आत डोकावून ओरडली. "माझ्या केळीला आज पाणी द्यायचं राहिलंच होतं."

पाणी पलीकडे जात राहिलं. नरहरी पुन्हा आपल्या स्टुलावर बसला. दाराच्या चौकटीतली सुई मोटरबरोबर बारीक थरथरत होती, आणि तिचा दोराही.